वॉल्टरशी सल्लामसलत

नेव्हिल पॅस्कोनं आयुष्यात कुठल्याही फॉर्मवर कधी खोटं लिहिलं नव्हतं, आणि पुढं जे काही रामायण झालं त्याचं मूळ एवढंच आहे. एकदा परदेशातून परतताना विमानात भरायच्या जकातीच्या कागदावर त्यानं खिशातलं अर्धं सफरचंद इमानदारीत लिहिलं होतं आणि मेलबर्नच्या विमानतळावर पाऊण तास बाकावर बसून काढला होता. बायको ब्रॉन तेव्हा म्हणाली होती की अरे, खाऊन टाकायचं होतंस. त्यावर नेव्हिलचं म्हणणं असं पडलं की फॉर्म भरला तेव्हा सफरचंद खिशात होतं, आणि फॉर्म हा भरल्या क्षणाचा असतो. अशा माणसाला सुखानं जगता येत नाही, पण सरकारी नोकरी मात्र उत्तम करता येते.

नेव्हिल राज्याच्या कुंपण व हद्द सल्ला मंडळात बावीस वर्षं होता. शेजाऱ्यांची कुंपणावरून जुंपली, कुणाचं झाड कुणाच्या अंगणात वाकलं, की लोक मंडळाला फोन करत आणि नेव्हिल त्यांना शांत करी. मंडळाचं ‘आधी शेजाऱ्याशी बोला’ हे आठ पानी माहितीपत्रक त्यानंच लिहिलं होतं. त्याच्या आजवर साठ हजार प्रती छापल्या गेल्या होत्या, आणि हे तो कुणी विचारलं नाही तरी सांगत असे.

मंडळ मेलबर्नला आणि नेव्हिल बॅलरॅटला. अकरा वर्षं तो पहाटे पाच पन्नासची गाडी गाठत असे आणि घरी परते तेव्हा ब्रॉन हॉस्पिटलात रात्रपाळीला निघायच्या तयारीत असे. ती सकाळी परते तेव्हा हा गाडीत. दोघांचा संसार फ्रिजच्या दारावर चालायचा. कांगारूच्या आकाराचं एक लोहचुंबक होतं, त्याखाली चिठ्ठ्या. ‘दूध संपलंय.’ ‘मोरी तुंबलीय.’ एका वर्षी लग्नाच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा मोरीच्या चिठ्ठीखाली दबल्या आणि नेव्हिलला त्या तीन दिवसांनी मिळाल्या. तोवर मोरीसुद्धा दुरुस्त झाली होती.

मग महासाथ आली, मंडळानं सगळ्यांना घरी बसवलं, आणि साथ सरली तरी नेव्हिल घरीच राहिला. ब्रॉन सकाळी आठला झोपायची ती बरोबर एक वाजता उठायची. एक ते दीड ही नेव्हिलची जेवणाची सुट्टी. भाजलेलं चीज-सँडविच, लाल भोपळ्याचं सूप, तिच्या वॉर्डातल्या गोष्टी आणि याच्या कुंपणातल्या. एवढंच. पण त्या अर्ध्या तासासाठी नेव्हिलनं दोनदा बढती नाकारली होती, आणि नाकारण्याचं कारण म्हणून ‘वैयक्तिक’ असं लिहिलं होतं, जे खरंच होतं.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी मंडळाचा ईमेल आला. घरून काम करणाऱ्या प्रत्येकानं आपल्या कामाच्या जागेच्या शारीरिक व मनोसामाजिक धोक्यांचं स्वयंमूल्यांकन करून, फोटो जोडून, तीस सप्टेंबरपर्यंत मंजूर करून घ्यावं. जो करणार नाही त्यानं एक ऑक्टोबरपासून आठवड्यातले चार दिवस मेलबर्नला हजर व्हावं. प्रश्न त्रेचाळीस. ‘मनोसामाजिक’ हा शब्द नेव्हिलनं दोनदा वाचला. त्याच्या मते मनाचं आणि समाजाचं एरवी फारसं पटत नाही, पण एका शब्दात घालून दोघांना नांदवायचं ठरलं असेल तर त्याची हरकत नव्हती. तो म्हणाला, ‘एका दुपारचं काम आहे.’

त्यानं स्वयंपाकघरातल्या टेबलाचा फोटो पाठवला. तिसऱ्या दिवशी नकार आला. टोस्टर कोपराच्या टप्प्यात आहे. खुर्चीला चार पाय आहेत, नियमाप्रमाणे पाच चाकं हवीत. शिवाय मागच्या उघड्या दारातून एक झोपलेलं पाऊल दिसतं, त्या पावलाच्या मालकाची लेखी संमती जोडलेली नाही. आता टोस्टर हलवता आला असता आणि पाऊलही झाकता आलं असतं. पण नेव्हिललाही आतून ठाऊक होतं की स्वयंपाकघर काही खरं नाही. मंडळाला फोन करणारे निम्मे लोक ऐंशीच्या पुढचे, त्यांच्याशी बोलताना त्याचा आवाज चढायचा आणि पलीकडच्या खोलीत ब्रॉन कूस बदलायची. तेव्हा परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये ऑफिस करायचं ठरलं. शेडमध्ये गवत कापायचं यंत्र, रंगाचे डबे आणि अर्धी होडी होती. होडी अर्धीच का, हा वेगळा विषय आहे.

डाव्या बाजूचा शेजारी स्टाव्हरॉस हा निवृत्त बांधकामवाला. कुंपणावर कोपरं टेकून त्यानं शेडकडं पाहिलं आणि डॉक्टर करतात तसा चेहरा केला. पत्र्याची शेड म्हणजे उन्हाळ्यात भट्टी आणि थंडीत बर्फखाना, असं त्याचं निदान होतं. शिवाय जमीन कच्ची. शिवाय छताला उतार उलटा. नेव्हिलला एक टेबल आणि एक खुर्ची ठेवायची होती. स्टाव्हरॉसनं शनिवारी सकाळी काँक्रीटचा ट्रक बोलावला.

“एकदाच कर आणि नीट कर,” तो म्हणाला. “तुझी नातवंडं नाव काढतील.”

नेव्हिलला मूलबाळ नव्हतं, हे स्टाव्हरॉसला पंधरा वर्षं माहीत होतं. पण काँक्रीट समोर दिसलं की तो असा भावुक व्हायचा. एका शनिवारचं काम तीन आठवडे चाललं. खाली असा जाड चौथरा पडला की त्यावर रेल्वेचं इंजिन उभं राहावं. मग शेड त्यावर बोल्ट मारून घट्ट बसवली, आतून फळ्या ठोकल्या, उबेसाठी भिंतींत लोकर भरली, खिडकी पाडली. ठोकाठोकी सकाळी सातला सुरू व्हायची. उजव्या बाजूच्या शेजारीणबाई डल्सी ट्रेंबाथ, वय अठ्ठ्याहत्तर, एकदा कुंपणावरून डोकावून म्हणाल्या की नेव्हिल, हातोडा जरा बेतानं, वर मंडळी राहतात. नेव्हिलनं वर पाहिलं. वर डल्सीबाईंच्या निलगिरीची फांदी होती आणि आभाळ होतं. बाई आता थकल्या बिचाऱ्या, असं त्याच्या मनात आलं आणि त्यानं पुढचा खिळा ठोकला.

ऑगस्टच्या अखेरीला ऑफिस झकास उभं राहिलं. प्रश्न सतरावा असा होता: घरापासून कामाच्या जागेपर्यंतची वाट निर्धोक आहे का? नेव्हिल मागच्या दारापासून शेडपर्यंत स्वतः चालून आला. बत्तीस पावलं, सपाट, निसरडं काही नाही. त्यानं ‘होय’वर खूण केली. ती खूण त्या क्षणी खरी होती.

सप्टेंबरच्या दोन तारखेला, हातात कॉफीचा मग आणि गळ्यात मंडळाचं ओळखपत्र अशा थाटात तो ऑफिसला निघाला. एकोणिसाव्या पावलाला कानामागं फडफड झाली, कुणीतरी काठीनं टोचावं तसं टोचलं, आणि हातातला मग पडून फुटला. मागं वळून पाहतो तो निलगिरीच्या फांदीवर एक मॅग्पाय बसलेला. चांगला कावळ्याएवढा, काळा-पांढरा, वकिलासारखा टापटीप. वसंतात, म्हणजे इकडं सप्टेंबरात, घरट्यात पिल्लं असली की नर मॅग्पाय येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर झेपावतात, हे बॅलरॅटमध्ये शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण ते रस्त्यावर, दुसऱ्यांच्या डोक्यावर. स्वतःच्या परसात, कामाच्या वेळेत, ओळखपत्र घातलेलं असताना हे घडावं याचा नेव्हिलला कानापेक्षा जास्त ठणका लागला.

त्यानंतर रोज. जाताना एकदा, येताना एकदा, आणि चहाची सुट्टी घेतली तर आणखी दोनदा. सल्ल्याला तोटा नव्हता. उंटावरून शेळ्या हाकणारे सगळ्या गल्लीत होते. पोस्टमन म्हणाला, आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर पालथा घाल आणि मागच्या बाजूला डोळे रंगव. नेव्हिलनं व्हॅनिलाचा दोन लिटरचा डबा घातला, ब्रॉननं त्यावर डोळे काढले. ते तिनं पापण्यांसकट इतके सुरेख काढले की पक्षी बहुधा मोहात पडला, कारण त्यानं त्या दिवशी तीन फेऱ्या जास्त मारल्या. स्टाव्हरॉस म्हणाला, सायकलच्या हेल्मेटला प्लास्टिकचे बंद उभे लाव, काट्यांसारखे. नेव्हिलनं चाळीस बंद लावले आणि हेल्मेट काढायला विसरून तसाच मंडळाच्या व्हिडिओ बैठकीला बसला. विभागप्रमुखांनी पंचवीस मिनिटं काहीही विचारलं नाही. आजकाल कर्मचाऱ्यांच्या दिसण्याबद्दल बोलायचं नाही असं त्यांना प्रशिक्षण मिळालेलं होतं.

नेव्हिलनं वन्यजीव खात्याला फोन केला. उत्तर मिळालं की पक्षी संरक्षित आहे. घरट्याला हात लावाल तर गुन्हा, पक्ष्याला लावाल तर मोठा गुन्हा. कर्मचाऱ्याला संरक्षण आहे का, असं यानं विचारलं. तो विषय आमच्या खात्याकडं येत नाही, असं सांगून फोनवरच्या बाईंनी दिवस छान जावो म्हटलं. शेड हलवावी म्हणून तो स्टाव्हरॉसकडं गेला, तर स्टाव्हरॉसनं अभिमानानं चौथऱ्यावर टाच आपटून दाखवली. हे आता हलणार नाही.

अशा स्थितीत बारा सप्टेंबरला नेव्हिल फॉर्म पुरा करायला बसला. प्रश्न एकतिसावा: गेल्या तीस दिवसांत कामाच्या ठिकाणी तुमच्यावर आक्रमक वर्तन, धमकी वा शारीरिक हल्ला झाला आहे का? पर्याय: कधीच नाही, क्वचित, कधीकधी, रोज.

इथं कुणीही शहाणा माणूस ‘कधीच नाही’वर खूण करून जेवायला उठला असता. नेव्हिलनं कानाला हात लावून पाहिला. ‘रोज’वर खूण केली. लगेच नवी चौकट उघडली: कुणाकडून? वरिष्ठ, सहकारी, ग्राहक, इतर. त्यानं ‘इतर’ निवडलं. चौकट म्हणाली, नाव लिहा. नावाशिवाय पुढं जाता येईना. नेव्हिलनं खिडकीतून मान बाहेर काढून डल्सीबाईंना विचारलं, कारण बाई त्या पक्ष्याशी नेहमी बोलत असत.

“त्याचं नाव वॉल्टर आहे,” डल्सीबाई म्हणाल्या. “पण तो काही करत नाही रे कुणाला.”

नेव्हिलनं लिहिलं: वॉल्टर. आणि फॉर्म पाठवून दिला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

दुसऱ्या दिवशी मंडळाच्या मनोसामाजिक सुरक्षा अधिकारी टॅमसिन यांचा फोन आला. आवाज तरुण, मऊ, आजाऱ्याच्या खोलीत बोलावं तसा. तुम्ही बोललात हे फार धाडसाचं आहे, असं त्या म्हणाल्या. नेव्हिलनं ताबडतोब सांगितलं की वॉल्टर हा पक्षी आहे. पलीकडून टाइप केल्याचा आवाज आला.

“नेव्हिल, तुम्ही सांगताय त्यावर माझा पूर्ण विश्वास आहे,” टॅमसिन म्हणाल्या. “पण पक्षी असा पर्याय आमच्या यंत्रणेत नाही. ती तक्रार म्हणून नोंदली गेलीय.”

मग मी ती मागं घेतो, असं नेव्हिल म्हणाला. तसं करता येत नव्हतं. दबावाखाली तक्रार मागं घेणं हा स्वतंत्र धोका होता, प्रश्न चौतिसावा. तक्रार निकालात निघायला सरासरी एकशेवीस दिवस लागत. तोवर तक्रारदाराला धोक्याच्या जागेपासून दूर ठेवणं हे मंडळाचं कर्तव्य होतं. म्हणून येत्या सोमवारपासून, निव्वळ त्याच्या सुरक्षिततेसाठी, नेव्हिलनं आठवड्यातले चार दिवस मेलबर्नच्या ऑफिसात बसावं. तिथं त्याच्यासाठी छान जागा राखून ठेवली होती, छपाई यंत्राशेजारी.

फोन ठेवल्यावर नेव्हिल स्वयंपाकघरात आला. एक वाजला होता. ब्रॉन गाऊनमध्ये सूप ढवळत होती. त्यानं सगळं सांगितलं. ती रागावली नाही, आणि तेच त्याला सोसेना. तिनं पातेल्याखालचा गॅस बंद केला, ओट्याखालचा खण उघडला आणि तळातून कांगारूचं लोहचुंबक काढून फ्रिजवर लावलं.

“राहू दे इथंच,” ती म्हणाली. “लागेल आता.”

नेव्हिलनं त्या दुपारी सूप संपवलं नाही. तो तडक शेडमध्ये गेला, वाटेत वॉल्टरचा मार खाल्ला, आणि मंडळाची सुरक्षा नियमावली पहिल्या पानापासून वाचायला घेतली. नियमावली एकशे चौदा पानांची होती. आजवर ती कुणी वाचली असेल तर लिहिणाऱ्यानंच, आणि त्याबद्दलही शंका घ्यायला जागा होती. एक्क्याऐंशीव्या पानावर त्याला नियम नववा सापडला: कर्मचाऱ्यानं मागणी केल्यास अधिकाऱ्यानं प्रत्यक्ष पाहणी करावी, आणि पाहणी होईस्तोवर स्थलांतराला स्थगिती मिळावी. धोका आटोक्यात आल्याचं पाहणीत दिसलं तर तक्रार तिथंच बंद करता येते. त्यानं अर्ज केला. पाहणीची तारीख मिळाली एकोणतीस सप्टेंबर. तोवर शेड वर्ज्य, स्वयंपाकघरात बसून कुजबुजत काम करायचं. ऐंशी वर्षांच्या आजोबांना कुंपणाचा कायदा कुजबुजत सांगितला की तेही गुपित समजून कुजबुजत उत्तर देतात, हे त्याला नव्यानं कळलं.

राहिले सोळा दिवस. वॉल्टर संरक्षित, शेड अचल, झाड डल्सीबाईंचं. झाडाची फांदी हद्द ओलांडून शेजाऱ्याच्या वाटेवर आली तर काय करावं, याचं उत्तर या राज्यात नेव्हिलइतकं कुणालाच पाठ नव्हतं. माहितीपत्रक, पान पहिलं, ओळ पहिली: आधी शेजाऱ्याशी बोला. बावीस वर्षांत हे वाक्य त्यानं हजारो लोकांना ऐकवलं होतं. स्वतः मात्र डल्सीबाईंशी पंधरा वर्षांत हवापाण्यापलीकडं बोलला नव्हता, कारण आधी तो गाडीत असे आणि नंतर बैठकीत. त्याला स्वतःची लाज वाटली. तो कोट घालून, पुढच्या फाटकानं, रीतसर डल्सीबाईंकडं गेला.

बाईंनी चहा केला, सोबत स्कोन, म्हणजे छोटे गोड पाव, ठेवले आणि त्याचं सगळं निवेदन ऐकून घेतलं. मग त्यांनी त्याच्याकडून तो त्रेचाळीस प्रश्नांचा कागद मागून घेतला, चष्मा लावून वाचला, आणि एकेका ओळीवर बोट ठेवत गेल्या.

“कामाच्या जागी अतोनात आवाज. हे तू केलंस. बदल करण्याआधी सल्लामसलत न करणं. हेही तूच. घर आणि कामाची जागा एकच असल्यामुळं विश्रांती न मिळणं.” त्यांनी चष्मा काढला. “अरे, तोही घरूनच काम करतो, नेव्हिल. तीन पिल्लं आहेत त्याला. तुझ्या डोक्यावरच्या फांदीवर तो सहा वर्षं राहतोय, आणि तू तीन आठवडे सकाळी सातला ठोकत होतास. मी सांगितलं होतं तुला.”

नेव्हिलनं कप खाली ठेवला. वॉल्टरची बाजू कागदोपत्री मजबूत होती. असं प्रकरण मंडळात आलं असतं तर त्यानं वॉल्टरच्या बाजूनं निकाल दिला असता. आता काय करायचं, असं त्यानं विचारलं. डल्सीबाई म्हणाल्या, करायचं काय, जाऊन ओळख करून द्यायची. हा पक्षी चेहरा विसरत नाही, वाईट विसरत नाही तसं चांगलंही विसरत नाही. डबा नको, हेल्मेट नको. रोज सकाळी साडेसहाला, एकाच खुर्चीवर, उघड्या डोक्यानं बसायचं. चिमूटभर किडे जमिनीवर टाकायचे, खाटिकाचा खिमा नव्हे, त्यानं पिल्लांची हाडं ठिसूळ होतात. टक लावून बघायचं नाही. आणि बोलत राहायचं.

दुसऱ्या दिवसापासून नेव्हिल परसात प्लास्टिकच्या खुर्चीवर बसू लागला. उघड्या डोक्यानं. हाडाचा सरकारी माणूस असल्यामुळं त्यानं प्रत्येक भेटीचं इतिवृत्त लिहिलं. पहिल्या दिवसाचं असं: ‘उपस्थित: नेव्हिल पॅस्को, वॉल्टर (फांदीवर). ने. पॅस्को यांनी ऑगस्टमधील आवाजाबद्दल दिलगिरी व्यक्त केली. वॉल्टर यांनी टाळूवर दोन हरकती नोंदवल्या. बैठक तहकूब.’ चौथ्या दिवशी: ‘हरकत एक. किडे स्वीकारले, दिलगिरी अद्याप विचाराधीन.’ कुंपणावरून स्टाव्हरॉस रोज कॉफी पीत बघायचा आणि म्हणायचा, नेव्हिल, अरे माणूस आहेस का बुजगावणं. डोक्यावर चार ठिकाणी औषध लावून, कोट घालून, नेव्हिल थंडीत बसून राही. काय बोलावं हे सुचेना म्हणून तो वॉल्टरला कुंपणाचा कायदा सांगू लागला. तो संपल्यावर अकरा वर्षांच्या चिठ्ठ्यांबद्दल सांगितलं. एक वाजताच्या सूपबद्दल सांगितलं. हे त्यानं कुणालाच कधी सांगितलं नव्हतं, कारण कुठल्या फॉर्मनं विचारलं नव्हतं.

तेविसाव्या तारखेला वॉल्टर खाली उतरला आणि खुर्चीपासून दोन हातांवर किडे टिपून गेला. सव्वीसला त्यानं नेव्हिलच्या बुटाची नाडी ओढून पाहिली. सत्तावीसला नेव्हिल मागच्या दारापासून शेडपर्यंत बत्तीस पावलं चालला. एकोणिसाव्या पावलाला त्यानं डोळे मिटून घेतले. काही झालं नाही. तो परत आला, परत गेला, आणि असा सात वेळा निष्कारण गेला-आला. ब्रॉन झोपली होती, नाहीतर त्यानं तिला आरडाओरडा करून सांगितलं असतं.

एकोणतीस तारखेला टॅमसिन साडेबाराला पोचल्या. वय तिशीच्या आत, हातात टॅब्लेट, चेहरा प्रवासानं उतरलेला. नेव्हिलनं अभिमानानं वाट दाखवली आणि पुढं निघाला, उघड्या डोक्यानं, ताठ. शेडच्या दाराशी वळून पाहतो तर टॅमसिन एकोणिसाव्या पावलावर जमिनीवर बसलेल्या, टॅब्लेट डोक्यावर, आणि वॉल्टर दुसरी फेरी घेत होता. नेव्हिलशी त्याचा समझोता झाला होता. मंडळाशी नव्हता.

नेव्हिल धावला, कोट काढून टॅमसिनच्या डोक्यावर धरला आणि त्यांना घेऊन स्वयंपाकघरात शिरला. दार लावलं. सोळा दिवसांची तपश्चर्या पाण्यात गेली, हे त्याला दिसत होतं. वॉल्टर बाहेर पायरीवर येऊन उभा राहिला होता, त्यामुळं कुणालाच बाहेर जाता येईना. आणि एक वाजला. आतल्या खोलीतून ब्रॉन गाऊनमध्ये आली, अनोळखी मुलीच्या भांगातलं रक्त पाहिलं, ते पुसून औषध लावलं आणि तिसरा वाडगा काढला.

टॅमसिन आधी नको म्हणाल्या. मग खाल्लं. सूपचा दुसरा वाडगा त्यांनी मागून घेतला. मीही घरूनच काम करते, असं त्या म्हणाल्या, एका खोलीच्या फ्लॅटमध्ये, दिवसभर लोकांना विचारत असते की तुम्हाला एकटं वाटतं का. जेवताना समोर कुणी बसल्याला किती दिवस झाले हे त्यांना आठवेना. मग त्यांनी वाडगा सरकवला आणि टॅब्लेट पुढं ओढला, कारण काम ते काम.

“नेव्हिल, धोका तर आहे, तो मी डोक्यावर घेऊनच आलेय. तुम्ही मेलबर्नला आलात तर नेमकं नुकसान काय होईल? इथं लिहावं लागेल मला.”

नेव्हिलनं ब्रॉनकडं पाहिलं, मग फ्रिजवरच्या कांगारूकडं. प्रवासाचा वेळ, कामाचा वेग, नियम नववा, सगळं त्यानं पाठ करून ठेवलं होतं. पण विचारलेला प्रश्न वेगळा होता आणि खोटं उत्तर त्याला येत नव्हतं.

“एक वाजता ही एकटी जेवेल,” तो म्हणाला.

टॅमसिननी टॅब्लेटवर वरखाली पाहिलं. त्रेचाळीस प्रश्नांत त्यासाठी चौकट नव्हती. त्यांनी वॉल्टरबरोबरच्या चौदा बैठकांचं इतिवृत्त मागितलं आणि ते शेवटपर्यंत वाचलं. चिठ्ठ्यांचं पान त्यांनी दोनदा वाचलं. मग ब्रॉननं तो आइस्क्रीमचा डबा काढून दिला, आणि मंडळाच्या मनोसामाजिक सुरक्षा अधिकारी डोक्यावर पापण्यांचे डोळे घेऊन स्टेशनला गेल्या.

तीस तारखेला संध्याकाळी चार पन्नासला पत्र आलं. प्रश्न एकतिसाव्यातील धोका, संबंधित पक्षाशी सातत्यपूर्ण सल्लामसलतीमुळं, या कर्मचाऱ्यापुरता आटोक्यात आला आहे. तक्रार बंद. घरून काम मंजूर. अट एक: सल्लामसलत दरमहा चालू ठेवावी आणि इतिवृत्त मंडळाकडं पाठवावं. नेव्हिलनं पत्र तीनदा वाचलं आणि ब्रॉनच्या हातात दिलं. ती त्याला इतकं घट्ट बिलगली की त्याच्या डोक्यावरच्या चारपैकी एक खपली निघाली.

नोव्हेंबरात वॉल्टरची पिल्लं उडाली आणि तो कुणालाच टोचेनासा झाला. पोस्टमनसुद्धा निर्धास्त शिरू लागला. म्हणजे धोकाच उरला नाही. पण अट ती अट, आणि नेव्हिल पॅस्को अटी मोडणारा माणूस नव्हे. पहिल्या सोमवारी टेबल परसात नेलं. इतिवृत्ताची एक प्रत मंडळाला गेली आणि एक प्रत ब्रॉननं कांगारूखाली फ्रिजवर लावली. ती अजून तिथं आहे:

‘वेळ: दुपारी एक. उपस्थित: ब्रॉन पॅस्को, डल्सी ट्रेंबाथ, स्टाव्हरॉस (कुंपणावरून), टॅमसिन (रजा काढून), वॉल्टर व कुटुंब, नेव्हिल पॅस्को. विषय: सूप. हरकती: नाहीत. अनुपस्थित: कुणीही नाही.’